अक्कांचं पाच वर्षांचं व्याज

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मंदाताई पेढे घेऊन आल्या. पाव किलोचा पुडा, वर रबर लावलेलं. त्यांच्या मागं जिन्याच्या दोन पायऱ्या खाली भाऊसाहेब उभे होते, हातात भाजीची पिशवी. पिशवीतून दोडके बाहेर आले होते.

"सर, व्याज जमा व्हयनं," मंदाताई म्हणाल्या. "हाऊ पेढा अक्काना वाटाना शे. अक्का नहीत, मग तुमीच खा."

मी पेढा तोंडात टाकला आणि भाऊसाहेबांकडं बघत बघत सावकाश खाल्ला. ते कठड्यावरच्या कावळ्याकडं बघत होते. मी आणखी एक मागून घेतला. मला डायबेटिस आहे, तरी घेतला. वर मुद्दाम विचारलं, "काय भाऊसाहेब, बरंय ना?" ते "हो हो" म्हणाले. दोडके बरेच स्वस्त झालेत असंही म्हणाले.

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा नाही निवला. या माणसावरचा तर मी जपून ठेवलाय, आणि तो जपायचा कसा हे मला रत्नमाला अक्कांनी शिकवलं. गेल्या दिवाळीनंतर त्या गेल्या. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. क्लार्कबाईवर कोण लिहिणार? म्हणून मी लिहितोय.

धुळ्यातल्या आमच्या हायस्कूलमध्ये मी भूगोल शिकवायचो आणि रत्नमाला बैसाणे कार्यालयात होत्या. शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. ठेंगणी बाई. चष्म्याला काळा दोरा, केसांना खोबरेल, टेबलावर लाकडी फूटपट्टी. ती पट्टी रेघा मारायला कमी आणि बोलायला जास्त. कुणी कागद न वाचता पुढं सरकवला की अक्का पट्टी त्या कागदावर आडवी ठेवत आणि म्हणत, "पहिली ओळ वाचा, मग मी पट्टी खाली सरकवते." माणूस मुकाट्यानं वाचायचा. मुख्याध्यापकांनासुद्धा त्यांनी एकदा असं रजेचं परिपत्रक वाचायला लावलं होतं. त्या दिवशी आम्हाला कळलं की साहेब अर्धं परिपत्रक न वाचताच सह्या ठोकत होते.

ही पट्टी आधी नव्हती. ती कुठून आली ते सांगतो.

पगारदार माणसाचा फेब्रुवारी ज्यानं बघितलाय त्याला समजावून सांगायला नको. वर्षभर आम्ही गुरुजी लोक चहा पीत बसायचो, आणि फेब्रुवारीत कार्यालयातून यादी निघायची की अमक्याचा इतका टॅक्स कापला जाणार. मग धावपळ. कुठंतरी पैसे भरल्याची पावती पाहिजे, आजच्या आज पाहिजे. त्या गर्दीत आमचे सुपरवायझर अहिरराव सर, सगळ्यांचे भाऊसाहेब, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये फिरायचे. विम्याची एजन्सी होती ना. अर्थात त्यांच्या नावावर नव्हे. नोकरीत असताना तसं करता येत नाही. एजन्सी मंदाताईंच्या नावावर. मंदाताई पिंपळनेरच्या, सातवी शिकलेल्या, घरात भाकरी थापणाऱ्या. कागदोपत्री मात्र त्या आमच्या अख्ख्या शाळेच्या विमा सल्लागार होत्या. एकाही पॉलिसीवर त्या एक शब्द आमच्याशी बोलल्या नाहीत.

आमच्यातल्या निम्म्या घरांत हेच चालायचं. बायकोच्या नावावर एजन्सी, नाहीतर भिशी, नाहीतर प्लॉट. आम्हाला त्यात फार हुशारी वाटायची.

भाऊसाहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. वेळापत्रक त्यांच्या हातात. पॉलिसी घेतली तर पहिला तास मोकळा, नाही घेतली तर शेवटचा तास नववी ड. माझ्याकडं अशा सात पॉलिस्या झाल्या. सात! एक तर माझ्या मुलाच्या नावावर होती, त्याच्या लग्नासाठी म्हणून. त्याचं लग्न झालं तेव्हा त्यातून मंडपाचा खर्चही निघाला नाही. मी बायकोला तो आकडा अजून सांगितलेला नाही.

पण माझं सोडा, मी पगार घेऊन मूर्खपणा केला. अक्कांचं तसं नव्हतं. त्यांचे यजमान जळगावला डाळमिलमध्ये मेकॅनिक होते. आजारपणात गेले. मागं फंडाचे आणि बाकीचे मिळून तीन लाख आले. अक्का मुलीला, प्रज्ञाला, घेऊन धुळ्यात देवपुरात एका खोलीत राहायच्या, माझ्या घरापासून चौथं दार. ते तीन लाख पोरीच्या शिक्षणाचे होते. पोरगी हुशार. बारावीनंतर तिला पुण्याला जायचं होतं. फी माफ होती, पण राहणं-जेवणं कोण देणार? ते या पैशांतून निघायचं होतं.

फेब्रुवारीत भाऊसाहेब अक्कांच्या टेबलाशी गेले. मी तिथंच पगारपत्रकावर सही करत होतो. "अक्का, बँकेत ठेवून काय होणार? इथं एकदाच भरा. तीन वर्षांत दुप्पट. टॅक्सही वाचेल. मी तुमच्या भावासारखा आहे." अक्कांनी जिथं जिथं फुली होती तिथं तिथं सही केली.

पुढच्या फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं की दुसरा हप्ता तीन लाख, अमक्या तारखेच्या आत भरा. अक्कांचा तेव्हाचा महिन्याचा पगार दहा हजारांच्या आतबाहेर. 'एकदाच' म्हणून दिलेली पॉलिसी दरवर्षी भरायची निघाली. एकदाच्या पॉलिसीवर एजंटाला कमिशन चिमूटभर मिळतं आणि दरवर्षीच्या पॉलिसीवर पहिल्या हप्त्याला ओंजळभर. एवढ्यासाठी! हप्ता भरला गेला नाही. पॉलिसी बंद पडली. सगळी कपात होऊन शेवटी अक्कांच्या हातात अडुसष्ट हजार आले. प्रज्ञाचं पुणं राहिलं. तिनं धुळ्यातच कॉलेज धरलं.

अक्का जाब विचारायला गेल्या तेव्हा भाऊसाहेब स्टाफरूममध्ये चहा पीत होते. आम्ही दहा-बारा जण होतो. त्यांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले, "सही करताना वाचायला हवं होतं ना, अक्का. तुम्ही तर क्लार्क." आणि हसले. आमच्यातलेही दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. मला पहिला तास मोकळा होता.

अक्का वळून कार्यालयात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर लाकडी पट्टी आली.

ती पट्टी घेऊन त्यांनी पहिल्यांदा काय वाचलं असेल, तर तोच पॉलिसीचा बाँड. बावीस पानं, बारीक टाइप. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून रोज अर्धं पान. समजलं नाही की समोरच्या कोऱ्या कागदावर प्रश्न लिहायच्या. शनिवारी दुपारी पाच कंदील चौकाजवळ एका सीएच्या ऑफिसात जाऊन बसायच्या आणि त्या बिचाऱ्याला प्रश्न विचारायच्या. त्यानं दोन शनिवार टाळाटाळ केली, तिसऱ्या शनिवारी चहा मागवला. वर्षभरात अक्कांना आयकराचं असं काही कळू लागलं की तोच सीए अधूनमधून शाळेत फोन करायचा.

स्वतःचे पैसे त्यांनी मग कुणाच्याही हातात दिले नाहीत. पोस्टात पीपीएफ उघडलं. उरलेल्यातून दरमहा पाचशे रुपये इंडेक्स फंडात. पगारवाढ झाली की दुसऱ्याच दिवशी तो आकडा वाढायचा. "वाढ हातात पडली की खर्च होते. तिला घरातच येऊ द्यायचं नाही," म्हणायच्या. बाजार पडला तेव्हा स्टाफरूममध्ये सुतक पसरलं होतं. अक्का शांतपणे वांग्याचं भरीत खात होत्या. जळगावहून त्यांची बहीण हिरवी वांगी पाठवायची. मी विचारलं, "अक्का, तुमचे किती गेले?" त्या म्हणाल्या, "मी विकलेच नाहीत तर जातील कुठं?"

दर मार्चमध्ये मात्र त्या विकायच्या. थोडेसेच. नफ्यावर जितक्यापर्यंत टॅक्स लागत नाही, बरोबर तितका नफा काढायचा आणि चार दिवसांत तेच पैसे परत तिथंच घालायचे. आमचे पी.टी.चे गवळी सर पोट धरून हसायचे. "अहो, विकता कशाला आणि परत घेता कशाला?" अक्का म्हणाल्या, "लोकरीचे कपडे उन्हात टाकून परत ट्रंकेत ठेवता ना, तसं. नाहीतर नको तेव्हा एकदम कसर निघते." गवळी सरांना काही वर्षांनी कळलं. त्यांनी घरासाठी एकदम सगळं विकलं आणि नफ्यावर टॅक्स भरताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अक्कांनी मात्र जळगावला मुलीसाठी घर घेताना निम्मे पैसे मार्चअखेर काढले आणि निम्मे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. एका आठवड्याच्या फरकानं दोन वर्षांची सवलत मिळाली. दोन खोल्यांचं, हॉल-किचनचं घर, कर्ज न काढता. क्लार्कबाईनं!

हे सगळं छान आहे. कौतुक करण्यासारखं आहे. पण अक्का यासाठी जगत नव्हत्या, हे मला माहीत होतं. त्यांना भाऊसाहेबांचा फेब्रुवारी संपवायचा होता.

त्यासाठी त्यांनी फार साधी गोष्ट केली. एप्रिलमध्येच, वर्षाच्या सुरुवातीलाच, प्रत्येकाला टेबलाशी बोलावून विचारायला लागल्या, "सर, यंदा टॅक्स किती बसतोय ते आत्ताच बघू." पट्टी, कागद, पेन्सिल. पीपीएफमध्ये एवढे, पोराची फी एवढी, घराच्या कर्जाचे एवढे. झालं. विमा पाहिजे तर साधा मुदतीचा घ्या, मेलात तर बायकोला मिळेल, जगलात तर काही मिळणार नाही. बाकी हप्ता कशाला? कुणी म्हणालं की भाऊसाहेब रागावतील, तर अक्का म्हणायच्या, "टॅक्सचा कागद माझ्याकडं येतो, त्यांच्याकडं नाही." एक-एक करत माणसं गळाली. आठ वर्षांनी फेब्रुवारीत भाऊसाहेब गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आले तेव्हा नवीन लागलेल्या दोघांशिवाय त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. ते दोघेही म्हणाले, अक्कांना विचारतो.

मी म्हटलं, "अक्का, झाला बदला. संपवलंत त्याला."

अक्कांनी चष्मा पुसला. "सर, त्याचं दुकान बंद झालं. त्याचं गेलं काय? माझं गेलं ते पोरीचं पुणं गेलं. त्याच्या हातातून असं काही जायला पाहिजे की त्याला बघत बसावं लागेल."

हे त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. ऐकून, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

आधी भाऊसाहेब निवृत्त झाले, मागून वर्षभरात अक्का. मीही घरी बसलो. दुपारी अक्कांच्या ओट्यावर चहा व्हायचा. लोक रिटर्न भरायला यायचे. अक्का पैसे घ्यायच्या नाहीत, पण प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावायच्या.

अशा एका दुपारी मंदाताई आल्या. पदर घट्ट आवळलेला, हातात आयकर खात्याचा कागद. भाऊसाहेब नाशिकला लेकाकडं गेले होते. पोस्टमननं कागद दिला आणि बाई घाबरली. कुणीतरी अक्कांचं घर सांगितलं. बैसाणे अक्का कोण आणि आपल्या नवऱ्यानं तिचं काय केलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मला वाटलं, अक्का दार लावतील. अक्का क्षणभर उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग पाणी दिलं.

कागदात काही विशेष नव्हतं, एक आकडा जुळत नव्हता. पण तो बघताना अक्कांनी मागच्या वर्षांची रिटर्नं मागवली. मंदाताई दुसऱ्या दिवशी पिशवीभर कागद घेऊन आल्या. अक्कांनी ते दोन तास वाचले. मी समोर बसलो होतो. मध्येच अक्कांनी पट्टी खाली ठेवली आणि मान वर केली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"मंदाताई, तुमच्या नावावर किती आहे, माहितीये?"

"माले काय समजस, अक्का? ते सांगतस तठे मी सही करस."

"कमिशन तुमचं. त्यावर टॅक्स तुम्ही भरलाय, दरवर्षी. त्या कमिशनमधून जळगावला हायवेच्या बाजूला प्लॉट घेतलाय, तुमच्या नावानं. रिटर्नमध्ये लिहिलंय, स्वतःच्या उत्पन्नातून. सगळं भाऊसाहेबांच्या अक्षरात आहे."

मंदाताईंनी कागदावर बोट ठेवलं. "मनं नाव शे ना यावर?"

"तुमचंच आहे."

त्यांनी बोट सरकवत ते नाव एकेक अक्षर करत पुन्हा वाचलं.

मला तेव्हा नीट कळलं नाही, अक्कांनी नंतर फोड करून सांगितली. नवरा स्वतःचे पैसे बायकोच्या नावावर ठेवतो तेव्हा त्यावरचं उत्पन्न आयकर खातं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं. ते टाळायचं तर पैसे बायकोनंच कमावलेत असं दाखवावं लागतं. भाऊसाहेबांनी वीस वर्षं तेच दाखवलं होतं. टॅक्स वाचला, नोकरीही सुरक्षित राहिली. "वीस वर्षं त्यानं सरकारला सहीनिशी लिहून दिलंय की हे पैसे तिचे. आता तिला ते वाचता यायला पाहिजे, बस."

मग सुरू झाला वर्ग. आठवड्यातून दोन दुपारी. मंदाताई घरी सांगायच्या, अक्कांकडं कुरडया करायला जाते. वर्षभर कुरडया! इतक्या कुरडया करून घरात एकही आली नाही, हे भाऊसाहेबांच्या कधी लक्षात आलं नाही. पहिले दोन महिने फक्त पट्टीखाली ओळ धरून मोठ्यानं वाचन. पासबुक, चेकबुकाच्या मागचे नियम, विजेचं बिल, जे हाती लागेल ते. अडखळल्या की अक्का कपाळाला हात लावायच्या, "अहो मंदाताई, ते मुद्दल नाही, मुदत आहे, मुदत!" आणि दोघी हसायच्या. अक्कांना ती बाई आवडायला लागली होती. मी एकदा टोचलंच, "अक्का, तुम्ही तिचा वापर करताय."

"करतेय," अक्का म्हणाल्या. "मग? तिचं काही वाईट होतंय का?"

खरं तर त्यांनी थांबावं असं मलाही वाटत नव्हतं.

त्या वर्षाअखेर भाऊसाहेबांनी जळगावचा प्लॉट विकायला काढला. भाव चांगला आला, चाळीस लाखांच्या वर. जुन्या काळी दीड-दोन लाखांना घेतलेला. मंदाताईंना गाडीत घालून रजिस्ट्रारकडं नेलं. त्यांनी तिथं खरेदीखत वाचायला घेतलं तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "वाचत काय बसलीस, लोक खोळंबलेत." त्यांनी सही केली. पैसे नियमाप्रमाणं मंदाताईंच्याच खात्यात आले. खात्याचं चेकबुक भाऊसाहेबांच्या कपाटात होतं, त्यातल्या पाच कोऱ्या चेकांवर मंदाताईंच्या सह्या आधीच घेऊन ठेवलेल्या. भाऊसाहेबांना ते पैसे एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडं महिना दोन टक्क्यांनी लावायचे होते. वर नवी मोटार. "टॅक्सचं मी बघतो," असं ते घरात म्हणाले होते. बघतो म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

हे सगळं मंदाताईंनी सोमवारी दुपारी येऊन सांगितलं. व्यापाऱ्याला चेक गुरुवारी द्यायचा होता, मुहूर्त काढून.

मी अक्कांकडं बघत होतो. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. सोळा वर्षं वाट बघितली होती बाईनं. आणि तरी त्यांनी आधी काय विचारावं? "मंदाताई, तुम्हाला काय करायचंय? माझ्यासाठी काही करू नका. तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता चहा टाकते आणि विषय संपला."

मंदाताईंनी पदराच्या टोकाशी चाळा केला. मग म्हणाल्या, त्या व्यापाऱ्याच्या दुकानातून घरी आलेला कागद असा एकच आहे, चार ओळींचा, आणि मी तो वाचला. त्यात पैसे परत कधी देणार ते लिहिलेलं नाही.

"मग?"

"मग तो चेक मी जाऊ देनार नही."

मंगळवारी सकाळी दोघी बँकेत गेल्या. मी रिक्षा आणली, माझं काम एवढंच. मंदाताईंनी अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला: अमुक ते अमुक क्रमांकाचे पाच चेक थांबवावेत. बँकेतला पोरगा म्हणाला, "भाऊसाहेबांना येऊ द्या, त्यांच्याशी बोलून..." अक्कांनी काउंटरवर पट्टी ठेवली. "खातेदार या आहेत. खाली नाव वाचा." त्यानं वाचलं आणि शिक्का मारला. मग दुसरा फॉर्म. जमीन-प्लॉट विकून आलेला नफा सहा महिन्यांच्या आत सरकारी कंपनीच्या ठरावीक बाँडमध्ये घातला तर त्यावर टॅक्स लागत नाही. पाच वर्षं हात लावता येत नाही, विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. व्याज वर्षातून एकदा, खातेदाराच्या खात्यात. चार पानी फॉर्म मंदाताईंनी बँकेच्या बाकावर बसून मोठ्यानं वाचला, मग सही करून सगळा नफा त्यात घातला. रांगेतली माणसं बघत होती. एक तास दहा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

गुरुवारी मुहूर्तावर चेक गेला आणि शनिवारी परत आला. रविवारी सकाळी भाऊसाहेब अक्कांच्या दारात. मी आधीच जाऊन बसलो होतो. असा दिवस मी थोडाच चुकवणार! मागून मंदाताईही आल्या आणि शांतपणे अक्कांच्या शेजारी पाटावर बसल्या.

"अक्का, तुम्ही माझ्या घरात विष कालवलंत! हिला काय कळतं? पैसे माझे आहेत. माझे!"

अक्का उठल्या. आतून कोरा कागद आणि पेन आणलं, भाऊसाहेबांसमोर ठेवलं, त्यावर पट्टी.

"असं लिहून द्या. की पैसे माझे आहेत. एजन्सी बायकोच्या नावावर होती, पण नोकरीत असताना धंदा मीच करत होतो. रिटर्नमध्ये वीस वर्षं जे लिहिलं ते खोटं होतं. खाली सही. मी उद्या स्वतः नेऊन देते आयकरच्या ऑफिसात. मग ते पैसे तुमचेच ठरतील, त्यावरचा टॅक्स, दंड, सगळं तुमचं ठरेल. पेन्शनचं काय होईल ते शिक्षण खातं बघेल."

भाऊसाहेबांनी पेन उचललं. खरंच उचललं.  पेन कागदावर टेकलं, एक ठिपका पडला. मग त्यांनी ते खाली ठेवलं.  बायकोकडं वळून म्हणाले, "तुला फसवून सही घेतली ना यांनी? सांग. फसवून घेतली ना?"

मंदाताई म्हणाल्या, "नही. बठ्ठं वाचीसन सही करी मी. पयलांदा."

 अक्कांनी मंदाताईंची जुनी रिटर्नं उचलली, वरच्या पानावर भाऊसाहेबांच्याच अक्षरात लिहिलेली ओळ होती, 'स्वतःच्या उत्पन्नातून', ती त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "लिहिताना वाचायला हवं होतं ना, भाऊसाहेब. तुम्ही तर शिक्षक."

आवाज चढवला नाही, हसल्या नाहीत. त्यांच्या वाटचं मी हसलो. मोठ्यानं हसलो, स्टाफरूममध्ये त्या दिवशी ते दोघे-तिघे हसले होते त्यापेक्षा जास्त. भाऊसाहेब उठले, चप्पल शोधली, उलटसुलट घातली आणि निघून गेले. मंदाताई चहा पिऊनच गेल्या.

त्यांचा संसार मोडला वगैरे नाही. भाऊसाहेबांना पेन्शन आहे, दोन वेळचं नीट चाललंय. तो व्यापारी पुढच्या वर्षी दुकानाला कुलूप लावून गेला, म्हणजे खरं तर अक्कांनी त्यांचे पैसे वाचवले. हे भाऊसाहेबांनाही माहीत आहे आणि त्यानं त्यांची जास्तच आग होते. आता घरात कुठलाही कागद आला की मंदाताई तो आधी घेतात आणि ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतात. भाऊसाहेब शेजारी उभे असतात, कारण वाचून होईपर्यंत सही मिळत नाही.

त्या रविवारनंतरच्या महिन्यात अक्का जळगावला मुलीकडं कायमच्या निघाल्या. प्रज्ञा तिथं ठिबक सिंचनाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. मी त्यांना पारोळा-एरंडोलवरून जळगावला जाणाऱ्या गाडीत बसवायला धुळ्याच्या स्टँडवर गेलो. नंतर भेट झाली नाही. फोन व्हायचे, व्याज जमा झालं की हमखास. त्या दिवशी त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक कापडी पिशवी. खिडकीजवळ जागा मिळाली. पट्टी पिशवीतून वर आली होती. त्यांनी पिशवीतून तो जुना पॉलिसीचा बाँड काढला, बावीस पानांचा, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि खिडकीतून माझ्या हातात दिला.

"रद्दीत घाला, सर. आता नको मला."

मी रद्दीत घातला नाही. अजून माझ्या कपाटात आहे, माझ्या सात पॉलिस्यांच्या वर.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसा मी खिडकीबरोबर चार पावलं चालत गेलो आणि विचारलं, "अक्का, झालं का समाधान?"

अक्कांनी चष्म्याचा दोरा मानेवर नीट केला आणि थोडा विचार केला.

"अजून कुठलं? पाच वर्षांचे बाँड आहेत ना," त्या म्हणाल्या. "दरवर्षी जुलैत व्याज येईल, तेव्हा थोडं थोडं होईल. तुम्ही फक्त मला कळवत जा, त्याचं तोंड कसं झालं होतं ते."